देवळालीचा ताप

शीळफाटा. तुमची गाडी उभी आहे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे, आणि उजवीकडे बोट शिरायला जागा नाही तिथून एक रिक्षा तोंड घालतेय. महापेहून आलेले, मुंब्र्याहून आलेले, पनवेलहून आणि कल्याणहून आलेले असे सगळे या फाट्यावर एकमेकांना भेटतात, आणि मग कुणाचाच पाय निघत नाही. एप्रिलची दुपार. शर्ट पाठीला चिकटलाय. डिझेलचा धूर नाकातून सरळ टाळूत चढतोय. ताडगोळे विकणारी बाई मघाशी खिडकीशी येऊन गेली होती. ती परत आली, पण या वेळी तिने भाव सांगितला नाही, नुसती हसली. एवढी ओळख झालीये आता.

फोन वाजतो. लंडनची मावसबहीण. "अजून शीळफाट्यालाच? अगं बाई! डूलॅली व्हायची वेळ आली असेल तुझ्यावर!"

डूलॅली? तिकडे इतकी वर्षं काढल्यावर असले शब्द तोंडात बसतातच. ती समजावते. आपण 'डोकं सटकलं' म्हणतो, 'येड लागलं' म्हणतो, तसं तिथे 'गॉन डूलॅली' म्हणतात. आजोबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, डूलॅली. शेजारीण मांजराशी राजकारणावर बोलते, डूलॅली. खऱ्या आजारी माणसाला कुणी तसं म्हणत नाही. ज्याचा एखादा स्क्रू ढिला झालाय आणि ज्याच्यावर आपला थोडा जीवही आहे, त्याच्यासाठी हा शब्द. इंग्लंडात घरोघरी कळतो. अमेरिकेत म्हणून बघा, समोरचा नुसता तोंडाकडे बघत राहील.

आता तो शब्द जरा हळू म्हणा. डू-लॅ-ली. देव-ळा-ली.

होय, तीच. नाशिकजवळची, कॅम्पची. याच फाट्यावरून कल्याण, शहापूर, कसारा, इगतपुरी धरून गेलं की सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. इंग्रजांच्या शब्दकोशात आपलं एक अख्खं गाव वेडेपणाचा अर्थ घेऊन बसलंय आणि आपल्याला पत्ता नाही. तिथे नेमकं काय झालं होतं, ते बघून येऊ या का? गाडी तशीही हलायची नाहीये.

डोळे मिटा. हॉर्न ऐकू येतायत ना? त्यातला एक लांब जाऊ द्या. अजून लांब. जरा बारीक होऊ द्या. आता तो हॉर्न राहिलेला नाही, बिगुल आहे. धूर विरला आणि त्याच्या जागी भिजलेल्या वाळ्याचा थंड वास आला. तुमच्या हातातलं स्टिअरिंगही गेलं. हातात दोरी आहे.

ओढा.

अहो, ओढा म्हणतोय ना! थांबलात तर भिंतीपलीकडून बूट येईल.

तुम्ही एका लांबलचक बराकीच्या ओसरीत, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलात. डोक्यावर भिंतीला भोक आहे. त्यातून दोरी आत गेलीये. आत छताला झालरीचा भलामोठा पंखा टांगलाय, तो या दोरीवर हलतो. तुम्ही पंखेवाले आहात. ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. तळहाताला काथ्या करकचतोय, खांद्यात गोळा आलाय, आणि वारा सगळा भिंतीच्या आत. तुमच्या वाट्याला फक्त कुरकुर. शेजारचा म्हातारा पंखेवाला दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून खुशाल आडवा झालाय. त्याचे डोळे मिटलेत, तोंड उघडं आहे आणि पाय मात्र वर-खाली चालू आहे. ही विद्या एका दिवसात येत नाही.

साल साधारण 1890. पण सालाचं इथे कुणाला पडलेलं नाही. अख्ख्या कंपात एकच प्रश्न चालू असतो: बोट कधी?

ही गोष्ट म्हातारा तुम्हाला डोळे न उघडता सांगतो. आत जे पडलेत ते गोरे सोजीर. त्यांची नोकरी संपली. कुणी पेशावरहून आला, कुणी मीरतहून, कुणी मद्रासकडून. वर्षानुवर्षं कवायत केली, ऊन खाल्लं, आता सुटले. घरी जायचं. पण घर समुद्रापलीकडे, आणि सोजिरांना नेणाऱ्या बोटी थंडीच्या दिवसांतच चालतात. दिवाळीच्या आसपास सुरू होतात, शिमगा उलटला की बंद. मग उन्हाळा, मग पावसाळा. ज्याची नोकरी ऐन फाल्गुनात संपली आणि ज्याची शेवटची बोट हुकली, त्याने पुढच्या दिवाळीपर्यंत काय करायचं? तर देवळालीत बसायचं.

सरकारनं 1861 साली ही छावणी घातली ती काही वाईट विचारानं नाही. घाटमाथ्यावरची हवा, साधारण 1,800 फुटांची उंची, उघडं माळरान, जवळ दारणा नदी. 1865 पासून थळ घाटातून आगगाडी चालते, ती पार मुंबईपर्यंत जाते. कागदावर याहून चांगली जागा सापडायची नाही. विलायतेहून नवी पलटण उतरली की तिला इथली हवा अंगी लागेपर्यंत देवळालीत ठेवायचं, आणि जुने जायला निघाले की त्यांनाही बोटीपर्यंत इथेच. सगळी व्यवस्था झाली. फक्त इथे बसलेल्या माणसानं दिवसभर करायचं काय, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

"काय रं, झोपला का? ओढ की!"

हा मुकादम. त्याच्या मिशा गव्हाळ आणि छडी काळी. त्याच्याकडे बघू नका, दोरीकडे बघा.

पहाटेपासून बघू या. बिगुल वाजतो तेव्हा अजून गारवा असतो. बराकीबराकींतून खोकणं, थुंकणं, बूट आपटणं. भिश्ती पाठीवरची पखाल वाकवून रांजणात पाणी ओततो, त्या चामड्याचा वास पाण्यालाही लागलेला. न्हावी इतका सराईत, की बाजेवर अर्धवट झोपलेल्या सोजिराचे गाल साबण लावून साफ करतो आणि त्याला जाग आल्यावर कळतं की दाढी झाली. भगूर आणि संसरीहून बाया डोक्यावर दुधाची भांडी, अंडी, गवताचे भारे घेऊन येतात. त्या आपसात मोठ्यानं बोलतात, कारण साहेबाला काही कळत नाही असं त्यांचं मत. साहेबालाही त्यांच्याविषयी तसंच वाटतं.

मग न्याहारी. आता वर बघा. घारी! स्वयंपाकाच्या खोपटापासून बराकीपर्यंत जेमतेम शंभर पावलं. तेवढ्या अंतरात सोजिराच्या ताटलीतलं मटण बराकीत पोचेल याची खात्री नाही. एक मोठ्या अंगाचा, छातीवर पदकं मिरवणारा गडी ताटलीवर टोपी झाकून वाकत वाकत पळतोय. घार येते, टोपीच उचलते, टोपीला चव नाही म्हणून टाकते, आणि तो टोपीमागे धावला तेवढ्यात दुसरी येऊन मटण नेते. ओसरीत बसलेले सगळे पंखेवाले खाली मान घालून गंभीर राहतात. हे राहणं दोरी ओढण्यापेक्षा अवघड आहे.

आणि मग? मग काही नाही.

हे 'काही नाही' नीट अनुभवा, त्यासाठीच तर आलोय. या लोकांच्या बंदुका इथे येण्याआधीच जमा झाल्यात. पहारा नाही, चांदमारी नाही. अधूनमधून सामान मांडून दाखवायचं: दोन सदरे, एक बुरूस, एक सुईदोऱ्याची पिशवी. कधीतरी लांब चालवत नेऊन परत आणतात, जिथून निघाले तिथेच. बाकी वेळ बाज, छत, पंखा. दहा वाजता ऊन ओसरीच्या पायरीवर येतं. अकराला तुमच्या पायावर. बाराला कौलं तडतडायला लागतात. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा पोरगा मारून मारून थकतो. आतमध्ये कुणी पत्ते पिसतोय, पण डाव मांडत नाही. कुणीतरी एकच ओळ शिट्टीवर वाजवतोय, काल वाजवत होता तीच. माशा, घामाचा आंबूस वास, तंबाखू, बुटांचं पॉलिश. भिंतीवर कोळशानं मारलेल्या रेघा. पाच-पाच रेघांचे जुडगे, एका बाजेच्या उशाशी सुरू होऊन दुसऱ्या बाजेच्या उशाशी गेलेले.

पलीकडे भगूरमध्ये सावरकरांच्या घरी एक सहा-सात वर्षांचा मुलगा यावेळी काय करत असेल, असा विचार तुमच्या मनात डोकावेल. पण आपण राजकारणात पडायचं नाही असं ठरलंय. पंखा ओढा.

आतला एकजण तुमच्या लक्षात आलाय. केस तांबडे, मिशी तांबडी, नाकाची साल निघालेली. आपण त्याला तांबड्याच म्हणू. तो रोज सकाळी आपली पिशवी भरतो, गाठ मारतो, खांद्यावर टाकतो आणि पावलं आपटत स्टेशनाकडे जातो. रुळांकडे डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, परत येतो आणि पिशवी सोडतो. आधी त्याचे सोबती हसायचे. आता हसत नाहीत, कारण त्यातला एक उद्यापासून त्याच्याबरोबर जाणार आहे.

चैत्र संपत आला. दुपारची वेळ. तुमचा हात गळून गेलाय, दोरी सुटते, आत पंखा थांबतो, आणि तुम्ही बूट चुकवायला डोकं खाली घालता. बूट येत नाही. दारातून तांबड्या येतो. अनवाणी, फक्त चड्डीवर, डोक्यावर मात्र टोपी. तो तुमच्याकडे बघतो. दोरीकडे बघतो. मग तुमच्या शेजारी जमिनीवर फतकल मारतो, तुमच्या हातून दोरी घेतो आणि ओढायला लागतो.

तुम्ही घाबरता. "साब, साब" करता. तो मान हलवतो आणि जी दोन-चार शब्दांची हिंदुस्तानी त्याला येते तिच्यात सांगतो, की हमको काम मंगता. काम! तुमच्याकडे काम आहे, त्याच्याकडे नाही, एवढाच त्याचा मत्सर. तो ओढतो, जोरात ओढतो, चुकीचं ओढतो, आत पंखा पिसाट सुटतो, पत्ते उडतात, शिव्या येतात. तुम्ही पायरीवर बसून त्याला खुणेनं दाखवता: हळू. खांद्यातून नाही, कमरेतून. तो शिकतो. चांगला शिकतो. अर्ध्या तासानं त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान आलंय की तुम्हाला त्याच्या हातून दोरी काढून घ्यावीशी वाटत नाही. तुम्ही फडकं सोडून बाजरीची भाकरी आणि ठेचा काढता. अर्धी त्याला देता. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, पण दोरी थांबत नाही.

आणि नेमका मुकादम येतो.

गोरा साहेब घामानं निथळत पंखा ओढतोय आणि पंखेवाला पायरीवर बसून भाकरी खातोय. मुकादमानं जन्मात असं बघितलेलं नाही. छडी वर गेली ती वरच राहिली. साहेबावर उगारावी तर फाशी, तुमच्यावर उगारावी तर साहेब मधे. तो जरा वेळ उभा राहतो, मग छडी खाली घेतो आणि म्हाताऱ्याला हळूच विचारतो, "याला काय झालंय रं?"

म्हातारा डोळे न उघडता म्हणतो, "ताप. देवळालीचा."

ताप इथे खराही आहे बरं का. पावसाळा सुरू झाला की डबक्यांवर डासांचे थवे उठतात, आणि मग बराकीतल्या निम्म्या बाजा थडथडायला लागतात. चार घोंगड्या घातल्या तरी हुडहुडी जात नाही, मग अंगाची भट्टी, मग बडबड. डॉक्टर कडूजहर कोयनेल पाजतो. त्या बडबडीत कुणी आईला हाका मारतो, कुणी घोड्याला. सोजीर लोकांनी हिंदुस्तानीतला 'तप' उचलला आणि पुढे गावाचं नाव जोडलं: डूलॅली टॅप. कुणी विचित्र वागला की त्याला डूलॅली टॅप झाला म्हणायचं. आपल्याला यात खरं तर काही शिकायचं राहत नाही. मराठीत ताप अंगातही येतो आणि डोक्यालाही होतो, वैतागालाही आपण तापच म्हणतो. शीळफाट्यावर मघाशी तुम्ही काय पुटपुटला होतात ते आठवा. इंग्रजांनी पुढे आळसानं 'टॅप' गाळला आणि नुसती डूलॅली ठेवली. म्हणजे ताप गेला, गाव राहिलं.

संध्याकाळी मात्र कंपाला जीव येतो. कँटीन उघडतं. बिअरचा आंबट वास, धुराचे लोट, टेबलं बडवत म्हटलेली गाणी, मग भांडण, मग शिट्ट्या, मग पहारेवाल्यांची धावपळ. ज्याच्या चौदा-पंधरा वर्षांच्या नोकरीत एक डाग नाही असा माणूस इथे शेवटच्या महिन्यात कुणाचं तरी नाक फोडतो आणि बोटीऐवजी कोठडीत जातो. बाजाराच्या मागच्या गल्लीत जाऊन कुणी भलताच रोग घेऊन येतो आणि इस्पितळात अडकतो. त्यांची बोट हुकते ती पुन्हा. तुम्ही रात्री भगूरच्या वाटेनं घरी जाता तेव्हा मागून गाण्याचा आवाज येत राहतो आणि समोरून कोल्हेकुई. दोन्हींत सूर कुणाचा बरा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पावसाळा पटकन ओलांडू. त्यात सांगण्याजोगं काही नाही. चार महिने सदरे वाळले नाहीत, बुटांना बुरशी आली, तांबड्याच्या रेघा भिंतीच्या कोपऱ्यात पोचून वळल्या.

आणि एके सकाळी हुकूम येतो.

बराकीत एकदम शांतता पसरते. मग जो कल्लोळ होतो, त्यात तुमची दोरी तुटते. कुणी बाज उलटी करतो, कुणी रडतो, कुणी घारींना सलाम ठोकतो. तांबड्या पिशवी भरतो. आज पहिल्यांदाच खरी. मग दारात थांबून तो मुकादमाकडे बोट दाखवतो, तुमच्याकडे दाखवतो आणि स्वतःच्या पिशवीकडे. मुकादमाला हायसं वाटलेलं असतं, तो म्हणतो, "जा बाबा, बोटीपर्यंत उचल त्याचं सामान. आणि त्याला बोटीत बसवूनच ये."

तेव्हा तुम्हीही आगगाडीत. लाकडी बाक, कोळशाची कणी डोळ्यात, डब्यात चाळीस माणसांचा एकच वास. लहवित गेलं, इगतपुरी आलं. तिथे घाटासाठी इंजिन बदलतं. रात्र पडलीये. गाडी उताराला लागते, 37 फुटांना एक फूट असा उतार, ब्रेकांच्या ठिणग्या खिडकीतून दिसतात, एकामागून एक बोगदे गिळत जातात. 13 बोगदे आहेत या घाटात. दोन बोगद्यांमधे दरीतून पाण्याचा खळखळाट आणि ओल्या रानाचा वास झपकन आत येतो. आणि मग अचानक गाडी एका ओसाड ठिकाणी थांबते.

थांबली की तांबड्याचा श्वासही थांबतो. बाहेर कंदील हलतायत. इंजिन सुटलं. कुठेतरी मागे जाऊन दुसऱ्या टोकाला लागलं. हिसका बसला, आणि गाडी चालायला लागली ती उलटी! जिकडून आली तिकडे तोंड करून!

"डूलॅली!" तांबड्या किंचाळतो. "वापस डूलॅली!" अख्खा डबा उठतो. कुणी दार धरतो, कुणी साखळी शोधतो, साखळी नावाची गोष्ट अजून आलेली नाही. तुम्ही त्याचा दंड धरून समजावता, की बाबा रे, घाट एका दमात उतरत नाही. थोडं पुढे, मग इंजिन फिरवून उलट तोंडानं पुढे, असाच रस्ता केलाय. हे तुम्हाला कुणी सांगितलं? शाळेत भूगोलाच्या बाईंनी सांगितलेलं नाही एवढं खरं. पण तो तुमचं ऐकतो. कसाऱ्याला पोचेपर्यंत तुमचा हात सोडत नाही.

कल्याणला उजाडतं. पुण्याकडची आणि नाशिककडची गाडी इथे एक होते, तेव्हा फलाटावर आताच्या मानानं माणसं काहीच नाहीत आणि तेव्हाच्या मानानं फार आहेत. केळी, पेरू, धारोष्ण दूध. मग डोंबिवली. हे स्टेशन होऊन जेमतेम तीन वर्षं झालीत. गाडी क्षणभर हळू होते. कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. एक बैल रुळाच्या कडेला शांतपणे रवंथ करतोय. डोंबिवली स्टेशनात एवढी जागा तुम्ही पुन्हा कधी बघणार नाही आहात, तेव्हा बघून घ्या.

दिव्यापुढे डावीकडच्या खिडकीला नाक लावा. लोंब्यांनी वाकलेली भातखाचरं, त्यांवर धुकं, मागे मलंगगडाचा सुळका. डोंगराच्या अंगाला कौलं दिसतात न दिसतात, ते शीळकडचं रान. आगरी बाया कासोटा घालून खाचरात उतरल्यात, त्यांच्या आरोळ्या इथवर येतात. त्या रानात एकही चाक अडकलेलं नाही. मग मुंब्र्याचे दोन छोटे बोगदे, आणि खाडीच्या चिखलाचा, खारफुटीचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास असा अंगावर येतो, की घाटावरचे गोरे नाकाला रुमाल लावतात आणि तुम्हाला मात्र भूक लागते.

पुलावरून ठाणे. इथे मला हसू आवरत नाही. इंग्रज लोक देवळालीचं नाव घेऊन जे म्हणतात, तेच आपण या स्टेशनाचं नाव घेऊन म्हणतो. "याला ठाण्याला न्या" म्हटलं की मुंबई-ठाण्यात पुढचं सांगावं लागत नाही. पुण्यात तेवढ्यासाठी येरवडा आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. म्हणजे तुमच्या या प्रवासात ते अजून उभं राहायचंय, आणि ठाणे म्हटलं की अजून फक्त खाडी, किल्ला आणि तांदूळ. त्यातही आमचा शब्द त्यांच्यापेक्षा जरा जास्त टोचरा, हे कबूल करायला हवं. जिथे माणसं बरी व्हायला जातात त्या जागेची आपण टिंगल केली. देवळालीवाल्या सोजिरांनी निदान स्वतःचीच केली होती.

मुंबई बंदर. डांबर, दोरखंड, कोळसा, मसाले, हमालांची हुश्श आणि साहेबांची हुप्प. धक्क्याला लागलेली आगबोट पांढरीशुभ्र आहे. अशा पाच मोठ्या बोटी सरकारनं खास सोजिरांची ने-आण करायला बांधल्या, त्यांतल्या एकीचं नाव मलबार, एकीचं जमना. ती दिसताच आमचे लोक "ब्लायटी! ब्लायटी!" ओरडत सुटतात. कान देऊन ऐका: विलायती. आपल्याकडून नेलेला शब्द आपल्याच देशातून सुटताना ओरडतायत. शिडीवर तांबड्या वळतो. तळहात वर करून दाखवतो. दोरीचे घट्टे, तुमच्या हातावर आहेत तसेच.

त्याच्याबरोबर शब्दही बोटीत चढला. पोर्ट्समथला उतरला, छावण्यांतून फिरला, दारूच्या गुत्त्यात बसला, म्हाताऱ्या सोजिरांच्या नातवंडांनी उचलला. पुढे फ्रँक रिचर्ड्स नावाचा साधा शिपाईगडी हिंदुस्थानात नोकरी करून गेला. त्यानं 1936 साली 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात देवळालीतल्या त्या रिकाम्या दिवसांचं वर्णन केलं आणि डूलॅली टॅपचं मूळ त्या कंटाळ्यातच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जिमी पेरी देवळालीत होता, नाटकं बसवत होता. त्यानं आणि डेव्हिड क्रॉफ्टनं 1974 पासून बीबीसीवर विनोदी मालिकाच केली, सुरुवातीला देवळालीच्या छावणीतच घडणारी. मग जिथून गेला होता तिथे शब्द परतही आला: 2009 साली पुण्यात बिअर गाळणारं एक ठिकाण निघालं, नाव डूलॅली. तिथे मात्र टॅप म्हणजे पिंपाची तोटी. कोयनेलशी काही संबंध नाही.

पण तुम्ही अजून धक्क्यावरच आहात. आणि इकडे बघा, दुसऱ्या शिडीनं बोटीतून माणसं उतरतायत. गुलाबी गालांची पोरं, नवेकोरे लाल डगले, बुटांत आरसा दिसेल एवढी चमक. यांची नोकरी आजपासून सुरू. हवा अंगी लागेपर्यंत यांना कुठे नेणार, हे तुम्हाला सांगायला नको. तुमची रिकामी गाडी त्यांच्यासाठीच उभी आहे. डबे भरतात. तुम्हाला परत जायचंय म्हणून तुम्हीही कोपरा धरता. समोरचा पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, उकाड्यानं कॉलर ओढतोय. तो कागदावरचं नाव कसंबसं वाचतो आणि तुम्हाला दाखवत खुणेनं विचारतो, की ही डूलॅली कशी आहे, आणि तिथे किती दिवस राहायचं?

तुम्ही त्याच्या तळहातांकडे बघता. लुसलुशीत आहेत.

"अच्छी हवा है, साब," तुम्ही म्हणता. "दो-चार दिन."